'मूसा' : केळीच्या शास्त्रीय नावाचे लेखन, अर्थ आणि मूळ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर वनस्पतिशास्त्रातील एका शब्दाची चर्चा व्हावी, याचे काहींना नवल वाटेल. परंतु तो शब्द ज्या वनस्पतीला दिला गेला आहे, ती खानदेशाला परकी नाही. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांचे अर्थकारण तिच्यावर उभे आहे. सावदा आणि रावेर या स्थानकांवरून तिच्या फळांनी भरलेल्या वाघिणी दिल्लीकडे रवाना होत आल्या आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या घरांत तर बटाट्याची जागा कच्च्या केळ्यानेच भरून काढली आहे. असे असूनही केळीचे शास्त्रीय नाव काय, ते कसे लिहावे आणि ते कोठून आले, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. आणि मिळाले तर ते बहुधा चुकीचे असते.

ते नाव 'मूसा'. केळीच्या संपूर्ण वंशाला, म्हणजे रानकेळीपासून बागेतल्या केळीपर्यंत सर्वांना, हे नाव आहे. रोमन लिपीत त्याची अक्षरे चारच, परंतु मराठी पुस्तकांत आणि रोपवाटिकांच्या पाट्यांवर त्याची मुसा, म्युसा, म्युझा, मूसा अशी चार-पाच रूपे आढळतात. लॅटिन उच्चारात पहिला स्वर दीर्घ 'ऊ' आहे आणि 'स' हा स्वच्छ 'स' आहे. म्हणून देवनागरीत 'मूसा' हेच लेखन योग्य ठरते. 'म्युझा' हा इंग्रजांच्या वाचनाचा परिणाम होय. रोमन लिपीत वंशनामाचे पहिले अक्षर मोठे, जातिनामाचे लहान आणि दोन्ही नावे तिरप्या ठशात, असा नियम आहे. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्यामुळे तिरपा ठसा वापरला तरी पुरे.

या शब्दाला सारखे दिसणारे सोयरे फार आहेत आणि त्यांच्यामुळेच घोटाळे होतात. लॅटिन भाषेत 'मूस' म्हणजे उंदीर. तो शब्द आपल्या संस्कृत 'मूष', 'मूषक' यांचा सख्खा भाऊबंद आहे. घरातल्या उंदराचे शास्त्रीय नावही त्यावरूनच 'मूस मस्क्युलस' असे पडले. परंतु केळीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ग्रीक पुराणांतील कलादेवतांना लॅटिनमध्ये 'मूसा' म्हणतात, म्युझियम हा शब्द त्यांच्यावरून आला. त्यांचाही येथे संबंध नाही. उर्दू-अरबीत 'मूसा' हे एका प्रेषिताचे नाव आहे, तेही वेगळे. केळीवरील करपा रोगाच्या बुरशीचे जुन्या पुस्तकांतील नाव 'मायकोस्फेरेला म्युझिकोला' असे छापलेले दिसते. त्यातील 'म्युझिकोला' पाहून एखाद्याला संगीत आठवावे! वस्तुतः लॅटिन 'कोला' म्हणजे वस्ती करणारा. मूसावर वस्ती करणारी ती 'मूसिकोला'. ही फोड ठाऊक असली की पुस्तकातला तो अवघड शब्द करप्याइतकाच ओळखीचा होतो.

आता मुख्य प्रश्न. हे नाव दिले कोणी आणि कोणावरून?

अनेक पुस्तकांत एक ठरावीक उत्तर सापडते. रोमचा सम्राट ऑगस्टस याचा वैद्य अँटोनियस मूसा, त्याच्या सन्मानार्थ केळीला हे नाव दिले गेले. हा वैद्य काल्पनिक नव्हे. ख्रिस्तपूर्व २३ मध्ये ऑगस्टस गंभीर आजारी पडला असता याने गरम उपचार थांबवून थंड पाण्याचे उपचार केले आणि सम्राट बरा झाला. त्याचा भाऊ युफॉर्बस हाही वैद्य होता. मॉरेटानियाचा राजा जुबा याच्या पदरी तो होता आणि त्याच्या नावावरून जुबाने एका औषधी वनस्पतीला युफॉर्बिया हे नाव दिले. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला लावला जाणारा शेर हा त्याच युफॉर्बिया वंशातला. एका भावाच्या नावे शेर, दुसऱ्याच्या नावे केळ. कथा इतकी जुळून आली की ती खरी मानण्याचा मोह कोणालाही व्हावा.

ही कथा पसरण्यामागे एक कारण आहे. आजच्या शास्त्रीय नामकरण पद्धतीचा पाया घालणारा स्वीडनचा कार्ल लिनियस १७३६ मध्ये हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड नावाच्या धनिकाच्या हार्टेकॅम्प येथील बागेत काम करीत होता. तेथील उबदार काचगृहात केळीला फुले-फळे आली. त्या थंड देशात ही मोठी अपूर्वाई होती. लिनियसने त्या एकाच झाडावर 'मूसा क्लिफर्टियाना' हे पुस्तक लिहून त्याच वर्षी प्रसिद्ध केले. पुढल्याच वर्षी, १७३७ मध्ये, 'क्रिटिका बोटॅनिका' या ग्रंथात त्याने नामकरणाचे दंडक घालून दिले. वंशाचे नाव ग्रीक किंवा लॅटिन मुळाचे असावे, इतर भाषांतले 'रानटी' शब्द घेऊ नयेत, असा त्याचा आग्रह होता. केळीचे नाव तर उघडउघड परदेशी होते आणि युरोपातील विद्वानांत ते आधीपासून रूढ होते. अशा वेळी सम्राटाच्या वैद्याचे नाव अगदी हाताशी होते. नाव तेच राहिले, मात्र त्याची जमा रोमच्या खात्यावर पडली.

परंतु हिशेब तपासायचा तर तारखा पाहाव्या लागतात, आणि येथे तारखाच निर्णायक आहेत. अरबी भाषेत केळीला 'मौझ' म्हणतात; बोलीत त्याचा उच्चार 'मोझ' होतो. इ. स. १०३७ मध्ये निधन पावलेल्या इब्न सीना या थोर वैद्याच्या ग्रंथात हा शब्द आहे. तो ग्रंथ बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने लॅटिनमध्ये आणला. लॅटिन वैद्यकग्रंथांत 'मौझ' ला स्त्रीलिंगी प्रत्यय लागून 'मूसा' झाले. याचा अर्थ लिनियसच्या जन्माआधी पाच शतके युरोपातील वैद्य केळीला मूसा म्हणत होते, आणि ते अरबांकडून ऐकून म्हणत होते, रोमन वैद्यावरून नव्हे.

याचा एक साक्षीदार आपल्याजवळच, गोव्यात होऊन गेला. गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य अनेक वर्षे गोव्यात राहिला आणि १५६३ मध्ये त्याने गोव्यातच आपला संवादरूप ग्रंथ छापला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यात केळीवर एक प्रकरण आहे. अरब वैद्य या फळाला मूसा म्हणतात हे तो नोंदवतो, आणि दख्खन, गुजरात, बंगाल येथील लोक 'केली' म्हणतात हेही सांगतो. रोमन वैद्याचा त्यात संबंध नाही.

मग अरबांना हा शब्द कोठून मिळाला? अरबस्तानाच्या वाळवंटातली ही वनस्पती नव्हेच. शब्द फारसीतून आला आणि फारसीत तो हिंदुस्थानातून गेला, असे बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतात केळीला कदली म्हणतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण अमरकोशात तिच्या पर्यायांमध्ये रंभा आणि मोचा हीही नावे आहेत. 'मोचा' चा 'मोझ' कसा झाला, हे सांगायला एक शब्द पुरेसा आहे आणि तो प्रत्येक व्यापाऱ्याच्या तोंडी आहे. प्राचीन इराणी भाषेत प्रकाश आणि दिवस यांसाठी 'रौच' हा शब्द होता, आपल्या 'रुच्' म्हणजे चमकणे या धातूचा तो नातलग. स्वरानंतरच्या 'च' चा फारसीत 'झ' झाला आणि 'रौच' चे 'रोझ' बनले. तोच 'रोज' मराठीत आला आणि रोजमेळात जाऊन बसला. रौचचा रोझ, तसा मोचाचा मोझ.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. संस्कृतात मोचा हे नाव सावरीलाही आहे, म्हणजे जिच्या बोंडांतला कापूस गाद्या-उशांत भरतात ती शाल्मली. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा 'मोचरस' हा सावरीचा डिंक आहे, केळीचा रस नव्हे. नावावरून औषध घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. दुसरीकडे बंगालमध्ये आजही केळफुलाला 'मोचा' म्हणतात आणि त्याची भाजी घरोघर होते. दोन हजार वर्षांच्या प्रवासात शब्दाचा एक फाटा युरोपच्या ग्रंथालयात पोहोचला आणि दुसरा बंगालच्या स्वयंपाकघरात टिकून राहिला. मोचा कॉफीचा मात्र या कुळाशी संबंध नाही. ते नाव येमेनमधील मोखा बंदराचे.

कापडाच्या पेठेत वावरणाऱ्यांना या प्रवासाचे आश्चर्य वाटू नये. मालाबरोबर मालाचे नावही जाते. संस्कृत 'कर्पास' ग्रीकमध्ये 'कार्पासोस' आणि लॅटिनमध्ये 'कार्बासुस' झाला. कालिकतचे कापड 'कॅलिको' झाले. आपली छीट 'चिंट्झ' बनून विलायतेच्या दिवाणखान्यात पडद्यांवर लटकली. माल विकत घेणारा नाव आपल्या जिभेप्रमाणे वळवून घेतो, आणि तीन-चार पिढ्यांनी ते नाव मूळ गावी परत आले तरी गावाला ओळख पटत नाही. मूसाचे नेमके तेच झाले आहे.

'केळ' हा शब्दही येथे दुर्लक्षित राहू नये, कारण त्याचा खुलासा एका जैन आचार्यांनी आठ-नऊशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य यांनी बाराव्या शतकात पाटणच्या सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाने 'सिद्धहेम' हे व्याकरण रचले. त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषांचे नियम आहेत. कदली या शब्दाची प्राकृतात 'केली' आणि 'कयली' अशी दोन रूपे होतात, याची त्यांनी स्वतंत्र नोंद घेतली आहे. त्यातील केली म्हणजेच मराठी केळ. शिवाय वनस्पतींच्या नावांचा 'निघंटुशेष' हा कोशही त्यांच्याच नावावर आहे. शब्दाचे मूळ शोधण्याची ही आवड खानदेशालाही नवी नाही. मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी आयुष्य वेचणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच निधन झाले. त्यांची दप्तरे सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये तेथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाचे ऋण मराठी अभ्यासकांवर मोठे आहे.

परंतु मोचा आपला म्हणून अभिमानाची तुतारी फुंकण्यापूर्वी आणखी एक पाऊल मागे जाणे प्रामाणिकपणाचे होईल. न्यू गिनी बेटावरील कूक या दलदलीच्या प्रदेशात सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती, असे उत्खननातून दिसून आले आहे. भाषाशास्त्रज्ञ मार्क डोनोह्यू आणि पुरातत्त्वज्ञ टिम डेनहॅम यांनी २००९ मध्ये असे मत मांडले की, त्या प्रदेशातील भाषांत केळीसाठी 'मुकु' अशा स्वरूपाचा शब्द होता. तो बेटाबेटांवरून पश्चिमेकडे सरकत भारतातील द्राविडी भाषांमध्ये आला आणि पुढे फारसी-अरबीत गेला. हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही. तथापि ते खरे ठरले तर मोचा हाही आपल्या घरी जन्मलेला नव्हे, तर मुक्कामाला थांबून मोठा झालेला पाहुणा ठरेल. रोमच्या वैद्याला दिलेले श्रेय काढून घेताना ते जेथे खरोखर जाते तेथपर्यंत नेणे, हेच न्यायाचे.

मूसा हे वंशाचे नाव झाले. त्यापुढे लिनियसने जातींची नावे जोडली, आणि त्यांच्या मागेही कथा आहेत. १७५३ मध्ये त्याने 'मूसा पॅराडिसिआका' हे नाव दिले. अर्थ नंदनवनातील केळ. बायबलातील आदिपुरुषाने खाल्लेले निषिद्ध फळ सफरचंद नसून केळे होते, अशी समजूत पूर्वेकडील ख्रिस्ती व मुस्लिम लोकांत होती, तिच्यावरून हे नाव आले. 'पॅराडाइज' हा शब्दही मूळ इराणी. 'पैरि-दएझ' म्हणजे चहूबाजूंनी भिंत घातलेली बाग. १७५९ मध्ये गोड केळीसाठी त्याने 'मूसा सेपियंटम' हे दुसरे नाव घातले. याचा अर्थ ज्ञानी पुरुषांची केळ.

हे ज्ञानी पुरुष कोण, हा भाग जैन श्रोत्यांना विशेष जवळचा वाटेल. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने हिंदुस्थानातील एका वृक्षाचे वर्णन केले. फळ मोठे आणि अतिशय गोड, वस्त्र न धारण करणारे ज्ञानी ते खातात, असे तो लिहितो. ग्रीक लेखक ज्यांना 'जिम्नोसोफिस्ट' म्हणजे नग्न तत्त्वज्ञ म्हणत, त्यांत दिगंबर मुनींचा समावेश असावा असे काही अभ्यासकांचे मत आहे. यावरून केळीचे शास्त्रीय नाव म्हणजे दिगंबर मुनींचे स्मारक, असे म्हणण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. थिओफ्रास्टसने त्या वृक्षानंतर दुसऱ्या एका झाडाचे वर्णन वेगळे केले आहे. त्याची पाने शहामृगाच्या पिसांसारखी लांब, आणि ते वर्णन केळीला शोभते. पुढे इ. स. ७९ मध्ये निधन पावलेल्या रोमन ग्रंथकार प्लिनीने ही दोन्ही झाडे एकत्र केली: पाने पक्ष्यांच्या पंखांसारखी, फळ मात्र बुंध्याच्या सालीतून फुटणारे, आणि एकच फळ चौघांची भूक भागवणारे! खोडाला लगडणारे आणि चौघांना पुरणारे फळ केळीचे कसे असेल? तो फणस असावा, असे हेन्री यूल या विद्वानाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले. लिनियसने प्लिनीवर विसंबून केळीला ज्ञानी पुरुषांचे नाव दिले खरे. पण त्या तपस्वींच्या हाती बहुधा फणसाचे गरे असावेत. आपल्या बाजूने झुकणारा पुरावाही तितक्याच कठोरपणे तपासला नाही, तर रोमन वैद्याच्या कथेला नावे ठेवण्याचा अधिकार उरत नाही.

कापडाशी संबंधित म्हणून आणखी एका जातीचा उल्लेख करणे उचित होईल. 'मूसा टेक्स्टिलिस' ही फिलिपिन्समधील केळ. 'टेक्स्टिलिस' म्हणजे विणण्याजोगी. तिच्या खोडातील आबाका नावाच्या धाग्यापासून जहाजांचे दोर आणि तलम वस्त्रेही बनत आली आहेत. व्यवहारात त्या धाग्याला 'मनिला हेम्प' म्हणतात. प्रत्यक्षात तो हेम्प म्हणजे भांगेच्या कुळातला धागा मुळीच नाही. पेठेतली नावे शास्त्राला विचारून पडत नाहीत, हेच खरे.

राहिला प्रश्न आज कोणते नाव लिहावे हा. पॅराडिसिआका आणि सेपियंटम या दोन स्वतंत्र नैसर्गिक जाती नाहीत, त्या संकरित केळी आहेत, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. खाण्याच्या बहुतेक सर्व केळी 'मूसा अक्युमिनाटा' आणि 'मूसा बाल्बिसियाना' या दोन रानजातींपासून आल्या. पहिलीला 'ए' आणि दुसरीला 'बी' हे अक्षर देऊन, कोणत्या वाणात कोणाचा किती वाटा आहे ते लिहिण्याची पद्धत सिमंड्स आणि शेफर्ड या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये घालून दिली. जुनी बसराई आणि आज सर्वत्र दिसणारी ग्रँड नैन या दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या, म्हणजे 'एएए'. त्यांच्यात बाल्बिसियानाचा अंशही नाही. त्यामुळे जळगावच्या केळीच्या पाटीवर 'मूसा पॅराडिसिआका' लिहिणे शास्त्राला धरून होत नाही, मग ती पाटी कितीही जुनी आणि सुबक असो.

आणि शेवटी ग्रँड नैनविषयी. नव्वदच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने तिची ऊतीसंवर्धित रोपे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच बागांचे रूप पालटले. या उद्योगाचे संस्थापक भवरलालजी जैन यांचे ते कार्य सर्वश्रुत आहे. नाव मात्र फ्रेंच आहे. 'ग्रांद' म्हणजे मोठी, 'नेन' म्हणजे ठेंगू. दोन्ही मिळून 'मोठी ठेंगू'. ऐकायला हे विचित्र वाटते, परंतु कॅव्हेंडिश गटातली बुटकी केळ फ्रेंचांत 'पतीत नेन', म्हणजे 'लहान ठेंगू', म्हणून ओळखली जाते. आपली बसराई त्याच बुटक्या प्रकारातली. तिच्याहून उंच ती मोठी ठेंगू. इंग्रजी वाचनात 'नेन' चे 'नैन' आणि 'नैन' चे 'नाईन' झाले, आणि खानदेशात बांधाबांधावर 'जी-नाईन' रुजली. आता पाट्यांवर सर्रास 'जी-९' असा आकडा दिसतो. बोलण्यात तो राहिला तरी बिघडत नाही. शेतकऱ्याला आपल्या पिकाला हवे ते नाव देण्याचा हक्क आहे. मात्र आकडा पाहून आधीच्या आठ केळी कोणत्या असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला उत्तर देता आले पाहिजे. रोपवाटिकेच्या पाटीवर, शाळेच्या प्रदर्शनात किंवा बाहेरगावी जाणाऱ्या पेटीवर शास्त्रीय नाव घालायचेच असेल, तर ते असे लिहावे : मूसा (एएए गट) 'ग्रँड नैन'. 'मू' दीर्घ.